दक्षिणा घेऊन न शिकवणाऱ्यांचा इतिहास

कुठल्यातरी टेलिग्रामवरच्या 'मेंटॉर'ने पैसे घेतले आणि वस्तीतला पोरगा बुडाला, असे कळले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "हाव नडली." चहाच्या टपरीवर हेच, विहाराच्या पायरीवर हेच, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच. या वाक्याला आमचा विरोध आहे. हाव हे कारण एकदा मान्य केले की चौकशी तिथेच संपते. मग विकणारा कोण होता, त्याने नेमके काय विकले आणि त्याला गिऱ्हाईक आपल्याच वस्तीत इतके सहज का सापडले, हे प्रश्न कुणी विचारत नाही. या धंद्याला इतिहास आहे, तो युट्यूबच्या आणि मोबाइलच्या फार आधीचा आहे. तो माहीत असता तर आपण बुडालेल्या पोराला नव्हे, बुडवणाऱ्याला प्रश्न विचारले असते.

आधी माल काय आहे ते पाहू. सुरुवात फुकट असते. तीस सेकंदांची रील, तीत गाडी, दुबईची इमारत आणि मोबाइलच्या पडद्यावर हिरव्या आकड्यांतला नफा. मग ९९ रुपयांचा वेबिनार. वेबिनारमध्ये दोन तासांपैकी दीड तास मेंटॉरच्या गरिबीची कहाणी आणि उरलेल्या अर्ध्या तासात 'आज रात्री बारापर्यंतच' मिळणारी सूट. मग काही हजारांची 'कम्युनिटी'. कम्युनिटीत गेल्यावर कळते की खरे शिक्षण इथे नाहीच, ते वरच्या 'व्हीआयपी' ग्रुपमध्ये आहे, आणि त्याच्याही वर 'वन टू वन मेंटॉरशिप' आहे. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीची जाहिरात. आमच्या कामात आम्ही पाहिले आहे की ही फी कुठून येते : आईच्या बचत गटाच्या कर्जातून, स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी गावाहून आलेल्या पैशांतून, किंवा मोबाइलवरच्या लोन ॲपमधून. लोन ॲपचे वसुलीवाले नंतर पोराच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन करतात, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळते.

न शिकवता दक्षिणा घेण्याची परंपरा या देशाला नवी नाही. महाभारतातला द्रोण निषादपुत्र एकलव्याला शिष्य करून घ्यायला नकार देतो. एकलव्य मातीची मूर्ती समोर ठेवून स्वतःच शिकतो. आणि तरीही द्रोण येऊन दक्षिणा मागतो, तीही उजव्या हाताचा अंगठा. आपल्याकडे या कथेची चर्चा 'अन्याय' म्हणून होते, ती योग्यच आहे. पण तिच्यात एक आर्थिक व्यवहारही आहे, त्याकडे कमी लक्ष जाते. शिकवण्याचे काम शून्य, फी पूर्ण, आणि फी अशी की देणाऱ्याची कमावण्याची ताकदच जावी. महात्मा फुल्यांनी हा व्यवहार हिशेबाच्या भाषेत मांडला. १८६९ सालचे 'ब्राह्मणांचे कसब' असो की १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड', जन्मापासून मरणापर्यंत आणि मेल्यानंतरही शेतकऱ्याच्या घरातून कोणत्या कोणत्या निमित्ताने पैसा बाहेर जातो याची जोतीरावांनी तपशीलवार नोंद केली. असूडचे पहिले प्रकरण आज वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. जोतीराव शेतकऱ्याला लोभी म्हणत नाहीत. त्यांचा रोख विद्येपासून दूर ठेवण्यावर आहे. ज्याला विद्या नाकारली, त्याला विद्येच्या नावाने लुटणे सोपे जाते.

पण आजच्या मेंटॉरशिपचा सांगाडा थेट भटजीच्या पंचांगातून आलेला नाही. तो अमेरिकेतून आला, आणि त्याचा एक जनक नाव घेऊन सांगता येतो.

ग्लेन टर्नर हा दक्षिण कॅरोलायनातल्या वाटेकरी शेतकऱ्याचा मुलगा. जन्मतः ओठ दुभंगलेला, शाळा अर्धवट सुटलेली. शिवणयंत्रे दारोदार विकता विकता तो विक्रीत तरबेज झाला आणि १९६७ साली फ्लोरिडात त्याने 'कॉसकॉट इंटरप्लॅनेटरी' नावाची सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. तिथे माल होता तरी. त्यानंतरच्या 'डेअर टू बी ग्रेट' या कंपनीत मालही उरला नाही, विकायला फक्त आत्मविश्वास होता. त्याचे 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचे टप्पे होते. पहिला ३०० डॉलरचा, त्यात टेपरेकॉर्डर, ध्वनिफिती, वह्या आणि काही तासांच्या सामूहिक बैठका. दुसरा ७०० डॉलरचा, तिसरा २,००० डॉलरचा आणि चौथा ५,००० डॉलरचा. वरच्या टप्प्यांवर फितींची संख्या थोडी वाढत होती, पण खरी मेख वेगळी होती : मोठी रक्कम भरणाऱ्याला हेच अभ्यासक्रम दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवण्याचा हक्क मिळत होता.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने टर्नरच्या कंपनीवर खटला भरला आणि १९७३ साली नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. तो निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. न्यायालयाने बैठकांचे वर्णन केले आहे : विक्रेते महागडे कपडे घालून येत, नव्या महागड्या गाड्या चालवत, नोटांचे गठ्ठे दाखवत, आणि नव्या माणसांना शिकवण होती की श्रीमंती आली नसली तरी आल्यासारखे वागा. म्हणजे भाड्याच्या गाडीपुढे उभे राहून रील काढणारा आजचा मेंटॉर काही नवे करत नाही, पन्नास वर्षांपूर्वीचीच बैठक तो मोबाइलवर भरवतो. कंपनीचा बचाव असा होता की गिऱ्हाईक स्वतः मेहनत करतो, तेव्हा ही गुंतवणूक नव्हेच. न्यायालयाने तो फेटाळला. व्यवहाराचे यश ठरवणारी मुख्य खटपट कंपनीची आहे, आणि माणूस शिकण्यासाठी नव्हे तर पुढे विकून मिळणाऱ्या पैशांच्या आशेने रक्कम भरतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आज एखादा 'ॲफिलिएट मार्केटिंग कोर्स' घेणाऱ्या पोराला हाच कोर्स मित्रांना विकायला सांगितले जाते, तेव्हा त्याने काय विकत घेतले याचे उत्तर १९७३ सालीच देऊन झालेले आहे.

टर्नर स्वतः गरीब होता, अपंगत्वाची चेष्टा सोसलेला होता. त्याच्या सभांना येणारेही तसेच होते, आणि "मी करू शकलो तर तुम्हीही कराल" हे त्याचे भांडवल होते. आपल्यातलाच कुणी समोर उभा राहिला की संशय गळून पडतो. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

मधला एक टप्पा थोडक्यात. २००५ साली सुरू झालेली 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' विद्यापीठ नव्हतीच. हॉटेलातले फुकट व्याख्यान, मग १,४९५ डॉलरचे तीन दिवसांचे शिबिर, आणि शिबिरात ३४,९९५ डॉलरच्या मेंटॉरशिपचा आग्रह. शिबिरात विद्यार्थ्यांना क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितले जात असे. कारण घर खरेदीसाठी लागेल हे सांगितले जाई, पण वाढलेली मर्यादा पुढच्या कोर्सच्या फीत जात असे. प्रशिक्षक स्वतः निवडल्याचा ट्रम्पचा दावाही खोटा निघाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यानंतर काही दिवसांतच, त्यांनी २.५ कोटी डॉलर देऊन खटले मिटवले. फसवणूक सिद्ध होऊ लागली की तडजोड करायची आणि चूक कबूल करायची नाही. मोठ्या माणसांना ही सोय असते.

आता प्रश्न असा की इतके लोक बुडतात, तर तक्रारी इतक्या कमी का? समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही एर्विंग गॉफमन यांचा १९५२ सालचा एक निबंध वाचला होता. ठकांच्या टोळीत एक माणूस शेवटच्या कामासाठी ठेवलेला असतो, असे गॉफमन दाखवतात. पैसे गेल्यावर गिऱ्हाईक पोलिसांत जाऊ नये म्हणून तो त्याच्यासोबत थांबतो, त्याची समजूत घालतो, हरल्याचा स्वीकार करायला शिकवतो, त्याला थंड करतो. आजच्या कम्युनिटीत हे काम करायला वेगळा माणूस लागत नाही. ते काम 'माइंडसेट' हा शब्द करतो. नफा झाला तर पद्धत बरोबर होती. तोटा झाला तर तुझा माइंडसेट चुकला, तू शिस्त पाळली नाहीस, तू घाबरलास, तू निगेटिव्ह आहेस. ग्रुपवर कुणी फी परत मागितली तर बाकीचे सभासदच त्याच्यावर तुटून पडतात. त्यांनीही फी भरलेली असते, आणि त्याचे खरे मानले तर आपलीही गेली हे मानावे लागेल.

हे तर्कशास्त्र आपण ओळखले पाहिजे, कारण ते आपल्या पिढ्यांनी सोसले आहे. तुझे दारिद्र्य हे तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, असे सांगणारी व्यवस्था आणि तुझा तोटा हे तुझ्या माइंडसेटचे फळ, असे सांगणारा मेंटॉर, यांच्यात फरक फक्त जन्माचा आहे. पहिल्याने दोष मागच्या जन्मात टाकला, दुसऱ्याने मागच्या मंगळवारी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा करताना हेच विचारले आहे की अशा सिद्धान्ताचा उपयोग कुणाला? गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, एवढाच तो उपयोग. दीक्षा घेताना आपण जे दारातून बाहेर काढले, ते मोबाइलमधून परत घरात आले आहे.

आणि बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगणे भाग आहे. शेअर बाजाराचे कोर्स विकणारे काही जण आजकाल जयंतीच्या आठवड्यात निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचा फोटो लावून जाहिराती करतात. बाबासाहेब थोर अर्थतज्ज्ञ होते, तेव्हा तुम्हीही ट्रेडिंग शिका, असा त्यांचा युक्तिवाद. असे मेसेज आमच्याही मोबाइलवर येतात. या मंडळींना हे ठाऊक नसावे की बाबासाहेबांनी खरोखरच शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. १९१७ साली ते लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर गेला, तिथे राहायला जागा मिळाली नाही, पारशी खाणावळीतून हाकलला गेला आणि मुंबईला आला. पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली आणि शेअर व समभागांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. व्यवसाय चालेना झाला तो सल्ला चुकला म्हणून नव्हे. सल्लागार अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले, म्हणून. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

या प्रसंगातून आम्हाला दिसते ते असे. शंभर वर्षांपूर्वी या देशात अर्थशास्त्राचे सर्वोच्च शिक्षण घेतलेल्या माणसाचा सल्ला जातीमुळे कुणी घेत नव्हते. आणि आज कसलीही पात्रता, कसलीही नोंदणी नसलेल्या माणसाचा सल्ला त्याच समाजातली पोरे कर्ज काढून घेतात. दोन्ही वेळेला ज्ञान कुठे आहे यापेक्षा प्रतिष्ठा कुठे दिसते यावर व्यवहार ठरला. त्या पेढीच्या मालकाचा फोटो लावून कोर्स विकणे ही विटंबनाच आहे, आणि तिचा निषेध व्हायला हवा तेवढा होत नाही.

आता आकडे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे बाजारातल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी असलेल्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांहून जास्त. शंभरातले ९३ ज्या खेळात हरतात, तो खेळ जिंकण्याची युक्ती कुणाजवळ असेल तर तो ती हजार-हजार रुपयांना विकत का बसेल, हा प्रश्न साधा आहे. उत्तरही सेबीच्याच आदेशांत सापडते. ऑक्टोबर २०२३ च्या अंतरिम आदेशात 'बाप ऑफ चार्ट' नावाने चालणाऱ्या मोहम्मद नसिरुद्दीन अन्सारी यांना सुमारे १७.२ कोटी रुपये स्वतंत्र खात्यात जमा करायला सांगितले गेले. शिक्षणाच्या नावाखाली विनानोंदणी सल्ला विकला, असा सेबीचा निष्कर्ष होता. त्याच आदेशात आणखी एक तपशील आहे : ज्या काळात नफ्याची ग्वाही देऊन कोर्स विकले जात होते, त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या व्यवहारात जवळपास तीन कोटींचा तोटा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्मिता पटेल यांच्या संस्थेविरुद्ध ५३ कोटींहून अधिक, तर डिसेंबर २०२५ मध्ये अवधूत साठे यांच्या कर्जतच्या अकादमीविरुद्ध ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचे अंतरिम आदेश निघाले. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. पण शेवटच्या आकड्याकडे पाहावे. हा व्यवहार कित्येक वर्षे उघड्यावर, सभागृहे भरवून चालू होता.

मग आपल्या पोरांनी बाजारात जाऊच नये का? काही मित्र आम्हाला असे विचारतात, आणि वर टोमणाही मारतात की तुम्ही कार्यकर्ते समाजाला आयुष्यभर स्कॉलरशिपच्या रांगेतच उभे ठेवणार. टोमणा चुकीचा आहे, पण प्रश्न खरा आहे. सवर्ण घरातल्या पोराला डिमॅट खाते म्हणजे काय, एसआयपी म्हणजे काय, कोणता इंटर्नशिपचा अर्ज कुठे भरायचा, हे विकत घ्यावे लागत नाही. काका बँकेत असतो, मामा सीए असतो, आत्याचा मुलगा पुण्यात कंपनीत असतो. जेवताना बोलता बोलता ते कळते. बूर्द्यू ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात, ते हेच. आपल्या पोराला असा काका नाही. त्याने विचारायचे कुणाला? वडील सफाईच्या ठेक्यावर, आई घरकामाला. सरकारी भरती वर्षानुवर्षे रखडलेली, शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा, कंत्राटी नोकरीत बारा हजार. त्याला मेंटॉरने काय विकले? नफा नाही. त्याने न मिळालेला काका विकला, महिन्याच्या हप्त्याने. म्हणून आम्ही याला हाव म्हणायला तयार नाही.

आणि हा विकत मिळालेला काका पुष्कळदा आपल्यातलाच असतो, टर्नरसारखा. तोही झोपडपट्टीतून आलेला, तोही आधी फी भरून बुडालेला, आणि आता आपले गेलेले पैसे दुसऱ्याच्या खिशातून काढणारा. तो जयभीम म्हणतो म्हणून त्याला सूट द्यायची का? आमचे उत्तर नाही असे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. तो इशारा राजकारणापुरता मर्यादित ठेवण्याचे काही कारण नाही.

या ठिकाणी तथागतांचा एक शब्द आठवतो : आचरियमुट्ठि. आचार्याची बंद मूठ. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की आपण काही राखून ठेवून शिकवले नाही, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा भेद केला नाही. जो गुरू मूठ बंद ठेवतो त्याच्याबद्दल संशय घेण्याची मुभा बौद्ध परंपरेनेच दिली आहे. 'व्हीआयपी ग्रुप' ही बंद मूठच. आणि सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने उत्पन्नाचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीसाठी राखून, असे सांगितले आहे. त्याच सुत्तात जुगाराने होणारी हानीही मोजून दाखवली आहे. पैशाबद्दल आपल्या परंपरेत मौन आहे, असे कुणी समजू नये.

वस्तीत काय करायचे? आम्ही दोन विहारांत रविवारी सकाळी वंदनेनंतर तासभर बसायला सुरुवात केली आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि कॉमर्स शिकवणाऱ्या एक ताई फुकट बोलतात. डिमॅट काय, विमा काय, कर्जाचा व्याजदर कसा वाचायचा, एवढेच. पंधरा-वीस पोरे येतात. रीलइतकी गर्दी होत नाही, होणारही नाही. तिथे पहिल्या दिवशी आम्ही सांगतो की गुंतवणुकीचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते. सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने आणि संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. "मी फक्त शिक्षण देतो" म्हणणाऱ्यांसाठी सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात ताज्या बाजारभावांचा वापर बंद केला, तीन महिने जुने भाव वापरा म्हणून सांगितले. चालू शेअरचे नाव घेऊन 'आज घ्या' म्हणणारा शिक्षक राहत नाही, हे पोरांना लगेच कळते.

ज्यांचे पैसे गेले आहेत ते सहसा सगळ्यांसमोर बोलत नाहीत. बैठक संपल्यावर, चप्पल घालताना, बाजूला घेऊन सांगतात. त्यांना आम्ही आधी विचारतो की घरी सांगितले का. बहुतेकांनी सांगितलेले नसते. घरी कळले की वसुलीवाल्यांच्या फोनची निम्मी भीती जाते, म्हणून ते पहिले. मग पैसे दिल्याची पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेबिनारमध्ये दिलेल्या आश्वासनांचे स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचे संभाषण जपून ठेवायचे. फसवणूक ताजी असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, फी परत मिळवण्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि शेअरचा सल्ला असेल तर सेबीकडे लेखी तक्रार. ग्रुप मात्र तक्रार करण्याआधी सोडायचा नाही. पैसे मागितल्याबरोबर ॲडमिन काढून टाकतो आणि जुने मेसेजही पुसतो, म्हणून संभाषण आधी उतरवून घ्यायचे, मग बोलायचे.